तोंडाचा कॅन्सर : उपचार चालू असताना रुग्णाचे वजन घसरू देऊ नका

वस्तीत कोणाला तोंडाचा कॅन्सर झाला की आपण भेटायला जातो. जाताना मोसंबी घेतो, सफरचंदे घेतो, बिस्किटांचे पुडे घेतो. रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात असलेल्या माणसाला यातले काहीच खाता येत नाही. मोसंबीचा रस तोंडातल्या जखमांना झोंबतो, सफरचंद चावता येत नाही, बिस्किट कोरड्या तोंडात टाळूला चिकटून बसते. आपण पिशवी उशाशी ठेवतो, 'काळजी घ्या, जय भीम' म्हणतो आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना सांगतो, 'फारच वाळला रे तो.'

तो का वाळला, हे मात्र कोणी विचारत नाही. कॅन्सर म्हटला की माणूस खंगणारच, असे आपण धरून चाललेलो असतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. आजारामुळे शरीराची झीज होते हे खरे. पण तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचे बरेचसे वजन जाते ते साध्या उपासमारीने. दुखते म्हणून खाता येत नाही, जे खाता येते त्यात दम नसतो, आणि दम असलेले काय द्यायचे हे घरी कोणी सांगितलेले नसते. या दुसऱ्या अर्ध्या भागात कार्यकर्त्याला पुष्कळ काही करता येते. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, बायकांमध्ये मिसरी, आणि २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा. त्यामुळे हा आजार आपल्या वस्त्यांना नवा नाही. प्रत्येक कार्यकर्त्याच्या ओळखीत असा एक तरी रुग्ण सापडेल.

वजन घटले तर उपचाराचेच नुकसान होते

तोंडाच्या कॅन्सरचा नेहमीचा उपचार असा असतो : आधी शस्त्रक्रिया, म्हणजे जिभेचा, गालाचा किंवा जबड्याचा काही भाग काढणे आणि मानेतल्या गाठी काढणे. त्यानंतर गरज असेल तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. ते सहा आठवडे किंवा थोडे अधिक, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीसच्या आसपास वेळा. काहींना त्यासोबत केमोही देतात.

रेडिएशन सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या चेहऱ्याच्या आणि मानेच्या मापाचा प्लास्टिकचा मुखवटा बनवतात. रोज तोच मुखवटा घालून रुग्णाला टेबलावर पक्के झोपवतात, म्हणजे किरण दररोज नेमके त्याच जागी पडतात. आता हा माणूस महिनाभरात चार-पाच किलोने उतरला, गाल बसले, मान बारीक झाली, तर मुखवटा सैल होतो. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मुखवटा, पुन्हा आखणी. अशक्तपणामुळे चक्कर आली, पाणी कमी पडले, रुग्णालयात भरती करावे लागले तर रेडिएशन मध्येच थांबते. आणि या कॅन्सरमध्ये रेडिएशनला पडलेला खंड महागात पडतो, कारण सुटीच्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. शस्त्रक्रियेच्या जखमेचेही तसेच. ती भरते प्रथिनांवर. पोटात प्रथिने गेली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरते, टाके उशिरा भरतात, संसर्ग होतो.

म्हणून दर आठवड्याला वजन करायचे. एकाच काट्यावर, सकाळी, साधारण सारख्याच कपड्यांत, आणि वहीत तारखेसह लिहायचे. उपचार सुरू होण्याआधीचे वजन पहिल्या ओळीत. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन गेले तर ती धोक्याची खूण. ५२ किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलोपेक्षा जास्त गेले की वही घेऊन सरळ डॉक्टरांकडे आणि रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाकडे जायचे. 'बरे वाटत नाही' हे गर्दीच्या ओपीडीत कोणाच्या कानावर पडत नाही. '५२ वरून ४९ झाले' हे मात्र पडते.

पाण्यासारखे नको, दाट द्या

घरोघरी होणारी चूक ही की गिळता येत नाही म्हणून सगळे पातळ करत जातात. वरणाचे पाणी, भाताची पेज, शहाळे, मोसंबीचा रस. रुग्ण दिवसभर काही ना काही पीत असतो, घरच्यांना वाटते पोटात जाते आहे. ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात ४०-५० कॅलरी असतात. वरणाच्या वरच्या पाण्यात तेवढ्याही मिळणे कठीण. तहान भागते, पोषण होत नाही.

गरज किती असते? या रुग्णांसाठी सर्वसाधारण हिशेब असा : वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. आकडा मोठा वाटतो, पण घरच्या वस्तूंत बसतो. म्हशीचे दूध २०० मिली, त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर, एक केळे, भाजून अगदी बारीक वाटलेल्या शेंगदाण्याचा एक मोठा चमचा, आणि थोडा गूळ किंवा साखर. मिक्सरमधून काढून गाळून घेतले की एका ग्लासात ४५० ते ५०० कॅलरी आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एकदम जात नाही, तर दोन वेळांत द्या. दिवसात असे तीन ग्लास आणि सोबत दोन-तीन अंडी, दाट वरण, दही गेले की हिशेब जुळतो. मधुमेह असेल तर गूळ-साखर-केळ्याबाबत आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

बाकी आपल्याच स्वयंपाकातले : मूगडाळीची आसट खिचडी वरून तूप घालून, नाचणीची दुधातली खीर, फुटाण्याच्या पिठाची दुधातली लापशी, शिजवून घोटलेला बटाटा दूध-लोणी घालून. अंडे उकडून वरणात किंवा खिचडीत मिक्सरमधून फिरवले तर कळतही नाही. कच्चे अंडे मात्र देऊ नका, केमोच्या काळात संसर्गाची भीती असते. चिकनचे नुसते पाणी देऊन भागत नाही, शिजलेले मांस बारीक करून त्यातच घालावे. काटे नीट काढलेला मऊ मासा उत्तम. आंबील पौष्टिक, पण आंबट असते म्हणून तोंड सोलवटलेले असताना बंद. तिखट, टोमॅटो, लिंबू, चिंच, फार गरम चहा, हे सगळेच त्या दिवसांत बंद. कोमट किंवा गार अन्न बरे वाटते.

जेवणाच्या वेळा भुकेवर सोडू नका. रेडिएशनने चव जाते, भात भुशासारखा आणि दूध धातूसारखे लागते, भूक मरते. घड्याळ लावून दर दोन तासांनी थोडे थोडे द्यायचे. बाजारातले महागडे प्रोटीनचे डबे आणले नाहीत म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. आहारतज्ज्ञाने सांगितला तर जरूर आणा, पण डब्यासाठी कर्ज काढून घरातले दूध बंद करू नका. असे करणारी कुटुंबे आहेत.

एक सावधगिरी. माणूस आठ-दहा दिवस जवळपास उपाशीच असेल, तर घरी एकदम भरपूर खाऊ घालायला सुरुवात करू नये. उपाशी शरीरात अचानक अन्न गेले तर रक्तातले क्षार धोकादायक रीतीने खाली येतात. अशा रुग्णाला रुग्णालयात दाखवून, हळूहळू वाढवत न्यायचे असते.

आधी दुखणे थांबवा

खाण्याच्या सगळ्या युक्त्या फुकट जातात, जर वेदना आवरलेली नसेल. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली त्वचा सोलवटते. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते. आपली माणसे ती वेदना मुकाट्याने सोसतात, कारण आयुष्यभर सोसायची सवय लागलेली असते. डॉक्टर विचारतात 'कसे आहे?' आणि उत्तर मिळते 'बरे आहे साहेब.'

विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खू आणि त्याची सेवा करणारा यांच्याविषयी तपशीलवार नियम आहेत. त्यात सेवा करायला सोपा असलेल्या रुग्णाचा एक गुण सांगितला आहे : तो आपल्या दुखण्याचे खरे स्वरूप, वाढले तर वाढले आणि कमी झाले तर कमी झाले, असे सांगतो. आपल्या रुग्णाला हे समजावून सांगा. दुखते आहे हे सांगण्यात लाज नाही. वेदनाशामक औषध जेवणाआधी अर्धा तास घेतले तर त्या अर्ध्या तासाच्या मोकळीकीत चार घास जास्त जातात. तोंड बधिर करणारी जेल देतात, ती डॉक्टरांनी सांगितली तेवढीच वापरायची, कारण घसा फार बधिर झाला तर ठसका लागतो. मॉर्फिन लिहून दिले की नातेवाईक घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन ही नशा नव्हे. त्याने बद्धकोष्ठता होते, त्याचे औषध सोबत मागून घ्यावे.

तोंड स्वच्छ ठेवायला खर्च नाही. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा, विशेषतः खाण्याआधी आणि नंतर, हलक्या चुळा भरायच्या. जळजळणारे, अल्कोहोल असलेले माउथवॉश नकोत. दात किडलेले असतील तर ते रेडिएशनच्या आधीच दाखवायचे. रेडिएशन झाल्यानंतर गावातल्या दवाखान्यात परस्पर दात काढला तर जबड्याचे हाड सडू शकते, आणि हा धोका वर्षानुवर्षे राहतो.

गुटखा-खर्ऱ्यामुळे अनेकांचे तोंड आधीच कमी उघडत असते. उपचारानंतर ते आणखी आखडते. साधारणपणे आपली तीन बोटे उभी तोंडात गेली पाहिजेत. एकच जात असेल तर चमचासुद्धा आत जात नाही. फिजिओथेरपिस्ट आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून तोंड उघडण्याचा व्यायाम शिकवतात. तो कंटाळवाणा असतो, दुखतो, आणि रोज करावा लागतो. त्यासाठी कोणीतरी पाठीमागे लागणारे हवे.

नाकातली नळी

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, असे मला वाटते. डॉक्टरांनी नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे रायल्स ट्यूब घालायला सांगितली की घरात रडारड सुरू होते. 'आता नळीवर आला' याचा अर्थ वस्तीत 'आता संपले' असा घेतला जातो. रुग्णही हट्टाने नाही म्हणतो, दोन आठवडे चमचा-चमचा पाणी पीत काढतो, पाच किलो घालवतो आणि मग अत्यवस्थ होऊन भरती होतो. नळी शेवटची खूण मानली जाते, पण बहुतेक रुग्णांना ती उपचाराच्या मधल्या काळासाठी, तोंडाला विश्रांती मिळावी म्हणून घातलेली असते. तोंड बरे झाले की काढतात. फार आठवडे लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. तिच्यामुळे चेहरा मोकळा राहतो, माणूस शर्ट घालून बाहेर फिरू शकतो.

नळीतून देतानाचे नियम रुग्णालयात शिकवतात, पण घाईत. म्हणून सोबत जाणाऱ्याने लिहून घ्यावेत. साधारणतः असे : रुग्ण बसलेला किंवा डोके-छाती चांगली उंच असलेली हवी, आणि दिल्यानंतर अर्धा-एक तास आडवे व्हायचे नाही. एका वेळी २०० ते २५० मिली, दोन-अडीच तासांनी. सिरिंजचा दट्ट्या काढून, अन्न आपोआप उतरू द्यायचे, जोराने दाबायचे नाही. आधी आणि नंतर थोडे उकळून गार केलेले पाणी सोडायचे, नाहीतर नळी तुंबते. सगळे गाळलेले हवे. नाकापाशी नळीवर जी खूण असते ती रोज बघायची. खूण सरकली असेल, रुग्णाला ठसका किंवा धाप लागली असेल तर काहीही आत सोडायचे नाही. नळी निघाली तर घरी परत घालायची नाही, रुग्णालय गाठायचे. आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर नळी असतानाही घोट-घोट पाणी तोंडाने गिळत राहायचे. गिळण्याचे स्नायू आठवडेच्या आठवडे न वापरता राहिले तर नंतर गिळणे जड जाते.

पिताना वारंवार ठसका लागणे, आवाज ओलसर घोगरा होणे, ताप, तोंडातून रक्त, दिवसभर लघवी न होणे, सतत उलट्या, यातले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नये.

'हे खाऊ नको' म्हणणारे

रुग्णाभोवती सल्लागार जमतात. कोणी सांगते साखर बंद करा, गाठीला खायला मिळणार नाही. कोणी दूध बंद करते, कोणी अंडी-मांस बंद करते, कोणी जडीबुटीचा काढा आणून देते आणि पंधरा दिवस फक्त त्यावर राहायला सांगते. साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र उपाशी राहतो. अनोळखी काढा केमोच्या औषधांशी काय करील हे काढा देणाऱ्यालाही माहीत नसते.

आपल्यातही अलीकडे काही घरांत आजार झाला की पहिल्या शीलाचा आधार घेऊन अंडी-मांस सोडायला लावतात. स्वेच्छेने शाकाहारी असलेल्याने दूध, डाळी, सोयाबीन, शेंगदाणे यांवर हिशेब बसवावा, तो बसतो. पण रुग्णावर हे लादण्याला धम्मात आधार शोधू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवहत्येची इच्छा आणि गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. महावग्गातच एक प्रसंग आहे : शरद ऋतूतल्या आजाराने भिक्खू पेज प्याले तरी ओकत होते, भात खाल्ला तरी ओकत होते. ते कृश झाले, निस्तेज झाले, अंगावर शिरा दिसू लागल्या. तेव्हा बुद्धांनी त्यांना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच भेषजे घेण्याची परवानगी दिली, आणि पुढे दुपारनंतर न खाण्याचा नियमही त्यांच्यासाठी सैल केला. पाचही वस्तू थोड्या मात्रेत भरपूर शक्ती देणाऱ्या आहेत, हे सांगायला आज आहारतज्ज्ञ लागतो. शरीर सुकवून काही मिळत नाही हे सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारण्यापूर्वी स्वतः अनुभवलेच होते.

आणखी एक. रुग्णाच्या उशाशी बसून पाचव्या शीलावर प्रवचन देऊ नका. तंबाखू सुटलीच पाहिजे, उपचार चालू असताना ती चालू राहिली तर उपचाराचा गुण कमी होतो, हे डॉक्टरांसमोर एकदा नीट सांगून घ्यावे आणि सोडायला मदत करावी. पण 'खाल्लेस म्हणून भोग' असे ऐकलेला माणूस पुढचा घास मागत नाही. बायकांच्या बाबतीत हे अधिक घडते. मिसरीमुळे आजारी पडलेली बाई आधीच शरमलेली असते, त्यात घरातले दूध-अंडी आधी पुरुषांना आणि मुलांना द्यायची तिची सवय सुटत नाही. तिच्या वाट्याचे दूध तिच्याच पोटात जाते का, हे बघायला कार्यकर्तीच हवी.

विहार काय करू शकते

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून अंगीकृत रुग्णालयात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होते. त्यासाठीची कागदपत्रे करून देण्यात आपले कार्यकर्ते पटाईत आहेत. पण घरी रोज लागणारे लिटरभर दूध आणि तीन अंडी कोणत्याही योजनेत नाहीत, आणि नेमकी त्याच महिन्यांत घरातली मजुरी बुडालेली असते. एका रुग्णाचे तीन महिन्यांचे दूध ही विहाराच्या वर्गणीतून झेपणारी गोष्ट आहे. एक वजनकाटा विहारात ठेवता येईल. मिक्सर नसलेल्या घराला एक जुना मिक्सर मिळवून देता येईल. बाहेरगावी उपचाराला जाणाऱ्याला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र तेवढे आणावे लागते. वाचलेल्या पैशांतून दूध येते.

मुंबईच्या कार्यकर्त्यांना एक वेगळे सांगणे आहे. ६ डिसेंबरला दादरला आपण येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालतो. तिथून जवळच परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, आणि त्याच्या आसपासच्या पदपथांवर वर्षाचे बाराही महिने गावोगावचे कॅन्सर रुग्ण राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अनेकांची सोय होते, सगळ्यांची होत नाही. तिथे अन्नदान करणारे पुरी-भाजी आणि बिर्याणी आणतात. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण ते पाकीट हातात घेऊन सोबतच्या माणसाला देतो. मऊ खिचडी, दाट खीर, उकडलेली अंडी नेली तर त्याच्या पोटात जाईल. नागपूरसारख्या ठिकाणीही हेच करता येईल.

उपचार संपल्यावर आपले लक्ष उडते, आणि तिथेच घात होतो. रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला की रुग्ण गावी जातो, सगळ्यांना वाटते सुटलो. पण तोंडाच्या जखमा त्यानंतरचे एक-दोन आठवडे सर्वांत वाईट असतात आणि भरायला महिना लागू शकतो. रोज बघणारे डॉक्टर नसतात, वही बंद झालेली असते. म्हणून वजन करणे पुढचे तीन महिने तरी चालू ठेवायचे. चव हळूहळू परत येते, महिने लागतात; लाळ अनेकांना पूर्वीसारखी सुटतच नाही, त्यांना प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घ्यावा लागतो आणि खिशात पाण्याची बाटली कायमची येते. भाकरी सर्वांत शेवटी येते. आधी दुधात कुस्करून, मग वरणात काला करून, मग तुकडा मोडून. जबड्याचा भाग काढलेल्या काहींना ती कोरडी खाता येत नाही ती नाहीच. पहिल्या वर्षी तपासणीला वरचेवर बोलावतात, प्रत्येक वेळी वजनाची वही सोबत न्यावी.